पकड

मुन्नीनं नाव विचारलं, तो म्हणाला, "लिहा, जुगनू."
वय? "साडेचार."
पत्ता? "टेकनपूर. कुत्र्यांची शाळा. पुढचं राहू द्या."
तक्रारीच्या रकान्यावर तिचं पेन थोडं अडलं,
मग माझ्याकडं न बघता तिनं लिहिलं :
जाळी चावते.

दौलतगंजात रात्री साडेनऊला
खालचा बर्तनवाला शटर ओढत होता.
मी माणसांच्या दातांचा डॉक्टर,
ती खुर्चीवर आडवी, जीभ एका बाजूला काढून ठेवलेली,
छावणीचे पशुवैद्य राजखोवा
भुलेचे थेंब मोजत उभे,
आणि थानसिंग तोमर जमिनीवर,
तिचा मागचा पाय मुठीत धरून.

समोरचे बारके दोन दात आधीच गेलेले.
त्यांचं काही नाही, त्यांच्यावाचून चालतं.
वरचा डावा सुळा मात्र अर्ध्यात मोडलेला
आणि मोडल्या जागी मधोमध
एक गुलाबी टिंब, जिवंत.
"कधीपासून?"
"रडली नाही, साहेब. कुत्रं दातासाठी रडत नाही.
पाण्याला उशिरा तोंड लावायला लागली,
तेव्हा मला कळलं."
बोलताना दिसलं, त्याचेही समोरचे दोन नाहीत.
"आणि तुमचे?"
"मला कुणाला धरायचंय?"

माझ्या सुया पंचवीस मिलिमीटरच्या.
माणसाच्या तळाला पुरतात.
हिचं मूळ संपेचना.
सुळा बाहेर दिसतो तो थोडका,
आत त्याहून लांब, वाकून, डोळ्याच्या दिशेनं गेलेला.
राजखोवांनी रुमालातून लांब सुया काढल्या,
कुणाच्या तरी शिवणाच्या डब्यातून आणल्यासारख्या.

ठसा घ्यायला एकही ट्रे बसेना.
मुन्नी मोरीत गेली
आणि उरलेल्या नळाचा तुकडा करवतून घेऊन आली.

बाबा याच खोलीत मुरैन्याच्या नवरदेवांना
सोन्याचे दात बसवायचे,
चांगल्या दाताला कानस लावून.
मी शाळेतून आलो की परस्पर वर निघून जायचो, लाजेनं.
आज त्यांचीच कानस हातात होती,
तिची मूठ त्यांच्या अंगठ्यानं झिजलेली.

"टोपी पहिल्याइतकी उंच नको," राजखोवा म्हणाले,
"उंच दात पुन्हा मोडतो.
आखूड ठेवा."
मी आखूड ठेवली. मनाविरुद्ध.
निम्म्या उंचीचा एक करडा धातू
त्या सुंदर जबड्यात
उसना आणल्यासारखा दिसत होता.

तीन आठवड्यांनी मैदानावर बोलावलं.
जाड बाही चढवून एक पोरगा पळाला,
जुगनू सुटली, पोचली, धरलं
आणि सोडलं.
पुन्हा धरलं. पुन्हा सोडलं.
कडेला कुणीतरी म्हणालं, पकड ढिली पडली, आता हिला काढतील.

पकड.
माझ्या ट्रेमध्ये सात आहेत, नंबर घातलेल्या.
सगळ्या ओढून काढायच्या.

तोमरनं बाही बाजूला टाकली,
एक ओलं पोतं आणलं
आणि मातीत मांडी घालून बसला,
दोन महिन्यांच्या पिल्लाला पहिला धडा देतात तसा.
पोत्याचं टोक तिच्या तोंडाजवळ नेलं.
ओढलं नाही.
ती हुंगत राहिली. ऊन वर आलं.
राजखोवा जीपमध्ये जाऊन पेंगले.
मी घड्याळ बघितलं, अकराला माझ्याकडं अक्कलदाढ होती.
मग तिनं धरलं, जबड्याच्या मागच्या बाजूनं, खोलवर,
आणि त्यानं तेव्हाही ओढलं नाही.

निघताना विचारलं, "आणि जाळीचं काय?"
"जाळी तशीच आहे. तिला एकटं करमत नाही, म्हणून चावते.
आता ड्यूटी सुटली की तासभर मी जाळीला पाठ टेकून बसतो."
"मग चावत नाही?"
"चावते ना. मला."
त्यानं वर्दीची कॉलर वळवून दाखवली.
तीन टोकदार भोकं,
आणि चौथ्याच्या जागी
नुसता एक गोल, बोथट दाब.
तो माझा.