बाटली क्रमांक एकोणीस

पाषाणला, प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर
मी फळमाश्या मोजते. पगारी काम.
केळं, गूळ, रटरटलेला मक्याचा लगदा,
बाटलीच्या तोंडाला कापसाचं बूच.

डाव्या फळीवर घाईच्या माश्या:
दहाव्या दिवशी पंख, बाराव्याला अंडी,
महिन्याभरात तळाशी काळी भुकटी.
उजवीकडच्यांची फक्त म्हातारपणची अंडी ठेवतो आम्ही,
बाकीची बेसिनमध्ये. दीडशे पिढ्या झाल्या.
आता त्या सावकाश वाढतात, उपाशी तग धरतात,
मरायचं असतं हे जणू कुणी सांगितलंच नाही त्यांना.
मॅडम म्हणतात, त्यांनी काही ठरवलेलं नाही.
जे उरलं, ते पुढे गेलं.

फाटकाबाहेरच्या वडावर वटवाघळं.
ओव्हाळ वॉचमन त्यांचा हिशेब ठेवतो,
रात्रपाळीच्या वहीत, गाड्यांच्या नंबरांखाली.
मादीला वर्षाला एक पिल्लू.
एकच.
ते पोटाशी धरून ती
उंबरं शोधत औंधपर्यंत जाते.

त्या मे महिन्यात शनिवारी एसी बंद पडला.
सोमवारी दार उघडलं तर आंबूस वाफ,
आणि डाव्या फळीच्या एकोणीस नंबरात
सात जिवंत.
त्याच दुपारी वडाखाली
चामड्याच्या जुन्या पाकिटांसारखी पडलेली ती.
ओव्हाळने बादल्यांनी पाणी मारलं,
मग दोनशे बारा मोजली.
छातीशी चिकटलेली वेगळ्या ओळीत लिहिली.

जुलैत एकोणीस नंबर पुन्हा गच्च.
मी शिव्या घालत मोजायला बसले.
वडाची दक्षिणेकडची फांदी
सहा वर्षं झाली, अजून मोकळीच आहे.

मला मुलगी झाली एकोणचाळिसाव्या वर्षी.
सासूबाई म्हणाल्या, फार उशीर केलास गं.
उजव्या फळीबद्दल मी काही बोलले नाही.
दूध पाजताना एकदा उगाच
खिडकीतून वडाकडे बघितलं, इतकंच.

काल महापालिकेचा माणूस येऊन
बुंध्यावर पांढरा आकडा रंगवून गेला.
रस्ता रुंद होणार.
एका झाडाच्या बदली दहा रोपं, असं म्हणाला.

ओव्हाळने वही उघडली, पेन झटकलं.
"दहा रोपांवर पहिलं वाघूळ लटकायला
किती वर्षं धरू, ताई?"

मी, जी पंधरवड्याला एक पिढी धुऊन
बाटल्या उन्हात पालथ्या घालते,
बोटं मोजायला लागले,
आणि हाताला अजून
आंबलेल्या केळ्याचा वास येत होता.