तिसरं गेट

आबा जेवता जेवता हात थांबवतात.
वडगावच्या आमच्या गल्लीत बावीस माग,
सगळे एकदम खडखडायलेत,
आणि हे म्हणतात, "उगऱ्यांचा आतला माग.
धोटा उशिरा पोचायलाय."
भाकरी झाकून उठतात.
सातव्या मिनिटाला तो आवाज सरळ होतो.
मला तर तो वाकडाही ऐकू आला नव्हता.

माझं काम हेच आहे, कागदावर.
कंपनांच्या गलक्यातून एक अरुंद पट्टी उचलायची,
लॅम्डापासून लॅम्डा अधिक डेल्टापर्यंत,
बाकीच्यांच्या तोंडावर हात ठेवायचा
आणि विचारायचं:
एकूण ताकद एक, त्याहून जास्त नाही,
तर ती एका जागी किती उंच उसळेल?

जागा म्हणजे टोरस.
पोरांना चुंबळ म्हणून सांगितलं,
तर घागरी डोक्यावर नेणारं घरात कुणी उरलं नाही.
म्हणून बशीर मुल्लांच्या दुकानातून
स्कूटरची ट्यूब मागून आणली, टेबलावर ठेवली.
वर्गभर रबराचा वास.
खरा टोरस सपाट असतो, ट्यूब जरा खोटं बोलते,
पण पूर्वेकडून बाहेर पडलात की पश्चिमेकडून आत,
एवढं तिला येतं.
"ह्या पृष्ठाला सीमा नाही," मी म्हटलं.
मागच्या बाकावर कुणी फिसकन हसलं.
मग सगळे. मग मी.
बेळगावात हे वाक्य
सरळ तोंडानं म्हणता येत नाही.

उभा धागा, आडवा धागा,
जिथं ते एकमेकांना ओलांडतात तिथं एक लाट.
आलेखाच्या वहीत मी वर्तुळ काढते,
त्याच्या अंगाला लागून दुसरं,
मधली जागा आधी बांगडीएवढी, मग केसाएवढी.
त्रिज्येचा वर्ग पाच हजार पाचशे पंचवीस:
रेषेवर अठ्ठेचाळीस ठिपके.
सव्वीस:
एकही नाही.
काल रात्री तीनदा तपासलं.
एका अंकाच्या अंतरावर
एक भरलेला बाजार आणि एक ओसाड माळ.

लाटा उसळायच्या दोन रीती माहीत आहेत.
सगळ्यांनी मिळून एकाच ठिपक्यावर माथा वर करायचा,
नाहीतर एका सरळ बोळातून
भिंतींना अंग घासत धावत राहायचं.
अटकळ अशी, की याहून वाईट काही होत नाही.
तिसरी रीत नाही.
हे पुरतं सिद्ध झालेलं नाही.
डेल्टा रुंद असेतो हात पोचतो,
बारीक करत गेलं की बोटांतून
थोडा एप्सिलॉन सांडतो.

"सांडतो म्हंजे? तूट?" आबा विचारतात.
"तूट."
"किलोमागं किती?"
"म्हणाल तेवढी कमी. पण शून्य नाही."
ते बॉबिन फिरवत राहतात.
"मग कुरकुर कसली करायलीस,
आमच्या शेठला अशी तूट दाव, नाचंल तो."

कॉलेजातून येताना रिक्षावाला विचारतो,
"मूरने गेट री?"
मी होय म्हणते.
तिथं आता पूल आहे. फाटक नाही,
झेंडी धरून उभा राहणारा नाही.
तरी दिवसभर दोन्ही भाषांतली माणसं
नसलेल्या गेटाला उतरतात,
भाडं देतात, सुट्ट्यावरून भांडतात.
मी पुलाखाली थोडी उभी राहते.
तिसरी रीत नाही, म्हणतात.

रात्री दीडला वीज जाते.
बावीस माग एकदम गप्प.
अंधारात कानात काहीतरी वाजत राहतं,
ते माझंच.
मग वीज येते, आणि माग
एकदम नाही, एकेक करून सुरू होतात,
धोटेकाकांचा, कोपऱ्यातला, उगऱ्यांचे दोन्ही,
क्षणभर प्रत्येक जण वेगळा ऐकू येतो,
पुढचा त्यावर चढेपर्यंत.
मी वहीच्या कडेला रेघा मारत जाते.

आबा कूस बदलतात,
डोळे मिटलेलेच.
"एक कमी हाय," म्हणतात.

मी रेघा मोजते. बावीस.
परत मोजते.