नंतर काढणे

शिन्चूच्या वाऱ्याला सुट्टी नसते.
त्या शुक्रवारीही तो सहाव्या मजल्याच्या काचा हलवत होता
आणि मी राउटरच्या पोटात एक खातं उघडलं.
नाव दिलं 'सेवा'.
पासवर्डाच्या जागी काय लिहावं सुचेना.
मुलगी नऊ दिवसांची होती,
तिचंच नाव लिहिलं, पुढे जन्मतारीख,
आणि शेजारी शेरा:
चाचणीपुरतं. नंतर काढणे.

पावणेबाराला फर्मवेअर कारखान्यात गेलं.
सोमवारी मला दुसऱ्या कामावर घेतलं.
'नंतर' नावाचा वार
आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात नव्हता.

सोळा वर्षांनी पोर्तोहून तेल्मो नावाच्या मुलाचं पत्र आलं.
नम्र, मुद्देसूद, तीन पानी.
जुन्या बाजारात पाच युरोला त्याने एक डबा घेतला,
चिप उपटली, ओळ न् ओळ उलगडली.
कंपनीचा पत्ता चालत नाही, त्याने लिहिलं होतं,
पण कोडच्या माथ्यावर तुमचं नाव राहिलंय.
दुरुस्ती कोण देईल?
आणि शेवटी, जरा बिचकत,
युन-चेन कोण?

दुरुस्ती कोणी देणार नाही.
कंपनी विकली गेली, घेणाऱ्याने यादीत
त्या मॉडेलपुढे 'आयुष्य संपले' असा शिक्का मारला.
डब्यांना कोणी कळवलं नाही.
ते अजून बेकऱ्यांत, दवाखान्यांत, जिन्याखाली
हिरवा डोळा उघडा ठेवून
सांगितलं ते निमूट करतात,
कोण सांगतंय हे न विचारता.

एक डबा शिनपूला आहे, हे मला ठाऊक होतं.
मीच दिला होता, फुकट, कौतुकाने,
च्यू-म्वेइ आत्याला.
तिच्या अंगणात गोल सुपांवर पर्सिमन वाळत होते,
सोललेले, केशरी, वाऱ्याकडे तोंड करून.
"इंटरनेट संध्याकाळी दमतं," ती म्हणाली,
"वय झालं असेल."

मी नोंदवही उघडली.
कुणीतरी दार वाजवत होतं, रोज, हजारदा,
सगळे अंदाज चुकत होते.
मग मार्चमध्ये, पहाटे तीन बारा.
एकच प्रयत्न. दार उघडलं.
पुढच्या नोंदी पुसलेल्या.

युन-चेन माझ्या खांद्यामागे टॉर्च धरून उभी.
तिने पडद्यावर वाचलं, पुन्हा वाचलं.
"हे मी आहे?"
टॉर्च किंचित हलला.
"म्हणजे मला न ओळखणारे लोक
रात्री माझं नाव टाइप करतात?"

सांगण्यासारखं माझ्याकडे फक्त तंत्र होतं.
म्हणालो, बाहेरून चालवायची सोय बंद करायची असते.
ती म्हणाली, मग कर.
करून उपयोग नव्हता. ते बटण
फक्त पान लपवतं, दार तसंच राहतं.
मला माहीत होतं, बटणही मीच लिहिलं होतं.
पासवर्ड बदलता येतो तो मालकाचा;
हा तर भिंतीत चिणलेला.

म्हणून बाजारातून नवा डबा आणला.
आधी खोक्यावर शोधलं
किती वर्षं दुरुस्त्या मिळतील ते. बारीक अक्षरांत होतं.
पहिल्याच तासाला अद्ययावत केला,
बाहेरचं दार बंद, आणि दुसऱ्या यंत्रावरून
ते खरंच बंद आहे का, ठोठावून पाहिलं.
अंगणातला कॅमेरा वेगळ्या जाळ्यावर टाकला:
पर्सिमन बघ, बाकी घरात डोकावू नकोस.

पासवर्ड युन-चेनने घातला.
पडदा माझ्यापासून वळवून.
आत्याला कागदावर लिहून दिला, तो तिने
तांदळाच्या डब्यात ठेवला.
मला सांगितला नाही. मी विचारलाही नाही.

जुना डबा आत्याने टाकू दिला नाही.
तारा तोडून तो सुपांवरच्या कापडावर ठेवला,
वाऱ्याने उडू नये म्हणून.
पहिल्यांदाच काहीतरी नीट धरून बसला होता.

तेल्मोला मी रात्री उत्तर लिहिलं.
कोडातली ओळ, मॉडेलांची यादी, माझी सही.
हे सगळ्यांना कळू दे, म्हटलं, माझ्या नावासकट.
युन-चेन कोण, त्या प्रश्नापाशी थांबलो.
लिहिलं, पुसलं.
पलीकडच्या खोलीत ती जागी होती.
वारा दार हलवत होता,
आणि ती उठून कडी पाहत होती,
पुन्हा एकदा.