वजनकाट्याची वही

सोहारला भाजीच्या सूकामागे, शाजीभाईंच्या दुकानात
शेवटचं टेबल माझं.
लॅपटॉप येतात ते दुखणाईतासारखे:
घरी तडफडतात, डॉक्टरपुढे ठणठणीत.

सिराज हमदुलेंचाही त्यातलाच.
मूळ बाणकोटचे. बंदरात वजनकाट्यावर कारकून,
ट्रक भरलेला किती, रिकामा किती,
अठरा वर्षं एवढंच लिहीत आलेले.
"मधेच मरतो नि आपला आपण उठतो," म्हणाले.
"विचारत पण नाय."

उघडला. पंख्यात वाळू,
वस्त्रगाळ, दाराच्या फटीतून वर्षानुवर्षं चाळून आलेली.
ती फुंकली. प्रोसेसरवरची सुकलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
रॅमच्या पट्ट्या एक काढून, एक ठेवून पाहिल्या.
मग यंत्राचा स्वतःचा रोजनामा वाचला:
नोंद एकेचाळीस. अचानक बंद. कारण अज्ञात.
खाली पुन्हा तेच. त्याखालीही.

टेबलावर एकतीस तास चालू ठेवला.
हूं नाही की चूं नाही.

घेऊन गेले. दोन दिवसांनी परत,
आणि या वेळी बगलेत वही, काट्यावरचीच, लाल कडांची.
गाडीचा नंबर लिहायचा त्या रकान्यात वेळ.
मालाच्या रकान्यात
नाझिमा काय बोलत होती, कॉल तुटला तेव्हा.

९.१२ पत्रे बदलायचेत पण तो सुतार
९.३१ तुमच्या भावाने कुंपण सरकवून
९.५० हसली, कशाला ते कळलं नाही
१०.०९ खरं सांगा, तुम्ही तिकडं

मी वेळा वाचायला हव्या होत्या.
माल वाचत बसलो.
मग शरमून डाव्या रकान्याकडे वळलो:
एकोणीस मिनिटं. एकोणीस. परत एकोणीस.
आणि शुक्रवारी, सुट्टीच्या भर दुपारी,
बाहेर सत्तेचाळीस अंश असताना,
एकदाही नाही.

"खोलीत एसी कुठला?"
"खिडकीतला, जुनाट. चालू होताना बत्ती मिचकावते."
"आणि लॅपटॉपचा प्लग?"
"त्याच्याच बाजूला. दुसऱ्या प्लगवर सहा जणांचे मोबाइल."

दुपारी कॉम्प्रेसर थांबतच नाही,
मग पुन्हा सुरू कुठून व्हायचा?
रात्री खोली जरा निवली की तो थांबतो,
एकोणीस मिनिटांनी उठतो,
उठताना सगळ्या खोलीची वीज एका घोटात ओढतो.
तेवढा एक क्षण बॅटरीनं निभवायचा असतो.
आणि बॅटरी?
पडद्यावर शंभर टक्के, आत पोट फुगलेली,
जाऊन वर्ष झालं असेल.
माझ्या टेबलाला यूपीएस आहे. इथं कोण कशाला मरतंय!

नवी अकरा रियालची. शाजीभाईंना गळ घालून नवाला दिली.
जुनी मागच्या दारी वाळूच्या बादलीत पुरली,
फुटली तर तिथंच फुटू दे.

तीन आठवड्यांनी आले, खजुराचा डबा घेऊन.
"बंद होत नाय आता. तासभर चालतो. दीड तास पण."
मग काउंटरच्या काचेवर अंगठ्यानं
काहीतरी पुसत राहिले. तिथं काही नव्हतं.

"ते दहा-नऊचं होतं ना," म्हणाले,
"ते पुरं विचारलंन तिनं."

मी पेचकस शोधायला लागलो.
हातातच होता.

जाताना वही मागून घेतली.
मागची पानं कोरी आहेत, म्हणाले,
कंपनी पानांचाही हिशेब ठेवते.