डावा कान

जालना रोडला, टाइल्सच्या शोरूमवर, तिसरा मजला.
लिफ्ट बंद होती.
दुसऱ्या जिन्यात कठड्याला हात लावला
तर कठडा आतून चालू.

दारातल्या पोरानं मनगटावर निळा शिक्का मारला.
पाचशे रुपये.
म्हणलं, मी बाप आहे, वाजवणारीचा.
तो म्हणला, काका, सगळेच कुणाचे तरी कुणी असतात.
मग हसला, अन् शंभर परत दिले.

एकवीस वर्षं वाळूजला, चारशे टनाच्या प्रेसवर.
डावा कान तिथंच राह्यला.
कंपनीनं फोमचे बोळे दिले होते, नारिंगी.
ते खिशात राहायचे, धुण्यात निघायचे,
गयाबाई वाळत घालायची दोरीवर
एका चिमट्यात दोन.

आत अंधार. कार्डावर चहा शोधला,
शेवटून दुसरा, एकशे ऐंशी.
पोरं-पोरी एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होती.
काय? काय म्हणलास? परत बोल.
मला एकट्याला सगळ्यांचं समजत होतं.
प्रेस शॉपात माणूस ओठ वाचायला शिकतोच.
बाजूच्या टेबलावरचा तिला सांगत होता,
नोकरी गेली, सोमवारपासून.
ती म्हणत होती, हो ना, मस्त वाजवतात.
मी चहाकडं बघितलं.

सुमेधा डाव्या कोपऱ्यात,
म्हणजे जिकडं मला कान नाही तिकडं.
घरी वाजवते तेव्हा हेडफोन तिच्या डोक्याला,
आम्हाला नुसती बोटं दिसतात, चार जाड तारांवर.
एकदा विचारलं होतं, यात गाणं कुठंय गं?
म्हणली, आप्पा, हे खालून असतं.

शेख जब्बार, माझा शिफ्टचा जोडीदार, म्हणायचा,
मशीनचं ऐकू नको, हात लाव.
बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी
तळव्याला कळतं.

टेबलावर तळवा ठेवला.
कपातला चहा गोल गोल शहारत होता.
ड्रमचा ठोका वरच्यावर, पाहुण्यासारखा.
त्याच्या खाली कुणीतरी चालत होतं,
मध्येच थांबत होतं,
काहीतरी विसरल्यासारखं परत घरात जाऊन
पुन्हा बाहेर येत होतं.
मी बूट काढले.
फाटक्या मोज्यातून अंगठा थेट फरशीला.
हां. ही सुमेधा.
लहानपणी रात्रपाळीहून आलो की
पलंगावरून उडी मारायची, तेवढंच वजन.

तिसऱ्या गाण्यात त्यात एक खडखड आली.
तिची नव्हती. बारीक, उपरी, लोखंडी.
कुणाला काही नाही, सगळे हात वर करून डोलू राह्यले.
मी उठलो, तसाच, मोज्यावर,
भिंतीकडेनं स्पीकरच्या स्टँडपाशी गेलो,
खाली बसून बोटानं चाचपलं.
बोल्ट अर्धा बाहेर.
साउंडवाला धावत आला, ओठांनी शिव्या देत,
त्या मी वाचल्या.
दोन रुपयाचं नाणं खाचेत घातलं, पिळलं.
थांबलं.

वर बघितलं तर ती माझ्याकडंच बघत होती.
दोन बोटं खाली करून दाखवली,
प्रेसवर दाखवतात तशी: येऊ दे.
तिचे दोन्ही हात गुंतलेले.
हनुवटी हलवली फक्त,
अन् येऊ दिलं.

संपल्यावर गर्दीबरोबर खाली उतरलो.
शोरूमच्या काचेत उभ्या केलेल्या फरश्या,
एकीवर मोर, एकीवर धबधबा.
पाय गार लागले तेव्हा ध्यानात आलं.
परत तीन मजले.

वर दिवे लागले होते, पोरं वायरी गुंडाळत होती.
सुमेधा माझे बूट हातात घेऊन उभी.
काहीतरी म्हणली, पण खाली वाकून,
ओठ दिसले नाहीत.
मी उजवा कान पुढं केला.

“आप्पा, कोणता बोल्ट होता?”