थंय

म्हापशात, करासवाड्याच्या रस्त्याला
दोतोर एव्हरिस्त यांच्या दवाखान्यात
अकरा वर्षं मी डिस्चार्ज कार्डं टाइप करते.
सगळी एकाच जागेची.
घरी सांगितलंय, पोटाचे डॉक्टर.

शाबलो पायलट येतो,
पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल उन्हात लावून.
खुर्ची दिली तरी उभाच.
"काय होतंय?"
"थंय दुखता."
"थंय म्हणजे कुठे?"
तो खिडकीबाहेर बोट करतो,
जणू दुखणं गाडीच्या सीटवरच राहिलंय.

त्या जागेला आपल्याकडे नावं दोन:
एक शिवीतलं, एक पोथीतलं.
पहिलं मला टाइप करता येत नाही,
दुसरं शाबलोला कळत नाही.
म्हणून मधे ग्रीक.

प्रोक्टोस.
दोतोर म्हणतात, तिकडेही हा शब्द नाटकवाल्यांच्या तोंडी,
ऐकून लोक पोट धरून हसायचे.
दोन-अडीच हजार वर्षांनी
कडक इस्त्री होऊन तो आमच्या पाटीवर आला.
शिवी लांबच्या गावी गेली की तिचं शास्त्र होतं.

हाइमा, रक्त. ऱ्होस, वाहणं.
हिमोऱ्हॉइड.
दोन आर, मग एच. अजून दर वेळी चुकते,
खडू फासून पुन्हा मारते.
आपल्या मूळव्याधीत रक्त दिसतच नाही,
नुसतं मूळ, जमिनीखालचं,
कुठवर गेलंय ते कळू न देणारं.

टेनेस्मस, ताणणं.
जायचंय जायचंय वाटतं, बसलं की काही नाही.
आपण त्याला कुंथणं म्हणतो
आणि विषय बदलतो.

स्फिंक्टर, आवळून धरणारा.
त्याच धातूतून म्हणे ती राक्षसीण,
अंग सिंहाचं, तोंड बाईचं,
वाटेत बसून कोडं घालायची,
उत्तर चुकलं की गळा आवळायची.
शाबलोला सांगितलं तर म्हणाला,
"बाये, म्हजी सदांच बसता, सकाळीं सकाळीं."

स्कोपेइन, पाहणं.
उकळून फडक्यात गुंडाळलेली ती नळी, प्रोक्टोस्कोप.
आणि एपिस्कोपोस, वरून लक्ष ठेवणारा,
त्याचाच झिजत झिजत झाला बिस्प.
दोतोर रविवारची मीस न चुकवणारे.
हे सांगण्याआधी दार लावून घेतात,
मग खांदे हलेपर्यंत हसतात.
"धातू एकच, कुंदा.
एक वरून बघतो, एक खालून."

ऱ्हाफे, शिवण.
यातूनच आले म्हणे गाणी शिवून म्हणणारे भाट.
मला आठवतं खोर्लीतलं आईचं मशीन,
पायट्यावरचा तिचा सुजलेला पाय.
टाका दिसू नये, ती म्हणायची,
आणि उसवूही नये.
प्रोक्टोऱ्हाफी टाइप करताना
माझा पाय टेबलाखाली आपोआप हलतो.

टोमे, कापणं. एक्, बाहेर.
कापून बाहेर काढलेलं ते सगळं एक्टॉमी.
कापता न येणारा तो ॲटम.
इतके शब्द कापून बघितले मी,
कार्डामागून कार्ड,
दुसऱ्यांच्या नावाखाली.

शिगम्यापासून मला रक्त पडतंय.
हाइमा, ऱ्होस.
ग्रीकात ते कुणाचंच नसतं.

आज शेवटचा पेशंट गेल्यावर
यंत्रात कोरं कार्ड चढवलं.
नाव. वय. गाव खोर्ली.
तक्रारीच्या रकान्यापाशी बोटं अडली.
दोतोर चष्मा पुसत होते.
"हें कोणालें?"
मी खुर्ची सोडून उभी राहिले
आणि खिडकीबाहेर बोट केलं.
"थंय," म्हटलं,
जिथे शाबलोच्या गाडीखाली
तेल गळून काळं झालं होतं.