शेवटचे दहा किलोमीटर

बाबांनी एकतीस वर्षं ग्रेडर चालवला
कीटमन्सहूपहून दक्षिणेला जाणाऱ्या खडीच्या रस्त्यांवर,
पातं टेकवून, ताशी बारा किलोमीटरनं.
रस्त्याला बरगड्या यायच्या, बाबा मिटवायचे,
टुरिस्टांच्या गाड्या पुन्हा उमटवायच्या.
दरीच्या नाक्यापाशी हद्द संपायची.
पुढचे दहा किलोमीटर दुसऱ्या खात्याचे.
तिथंच यंत्र वळवायचे आपोलस मेकॅनिकच्या पोरासारखे, शिट्टी वाजवत,
दर दोन महिन्यांनी.
दरी त्यांनी कधी पाहिली नाही.

आज मी घेऊन आलेय
दिराच्या पिकअपमधून.
थर्मासात कॉफी, कागदात वाळवलेलं मांस,
मागे स्टेपनी, एक नाही, दोन. त्यांची अट.
वाटेत ते फक्त रस्त्याशी बोलले.
‘इथं पाणी साचतं.’
‘हे वळण कुणी असं सोडलं?’
एक स्प्रिंगबोक आडवं गेलं,
त्याला काही म्हणाले नाहीत.

नाक्यावर पोरानं पावती फाडली.
बाबांनी सीटची कड घट्ट धरली,
गाडी आता वळणारच असल्यासारखी.

मग कड्यावर.
खाली जमीन उसवत गेलेली
तपकिरी, जांभळट, राखेची,
आणि तळाशी फिश नदी.
नदी म्हणजे काय, सहा-सात हिरवी डबकी,
एकमेकींची ओळख विसरलेली.
वारा भट्टीचा. शेजारी एक जर्मन म्हातारा
टोपी दाबून धरत
बायकोला फलकावरचे आकडे वाचून दाखवत होता.

बाबा बराच वेळ गप्प.
बोटानं हवेत थर मोजले.
‘एवढं खरवडलं,’ म्हणाले,
‘मग माल टाकला कुठं?’

मला हसू आलं. त्यांना नाही.
ते खरंच शोधत होते ढीग,
पात्याच्या कडेनं राहतो तसा.
‘आधी ऑरेंज नदीत,’ मी म्हटलं, ‘मग समुद्रात.’
‘हं.’
उजव्या हाताची बोटं वळली,
लिव्हर तिथं असल्यासारखी.
‘तिच्यावर साहेब नसणार, मिना.’

कॉफी प्यायलो. फोटो नको म्हणाले.

परतताना नाक्यापाशी थांबवलं मला.
दोन हद्दींच्या जोडावर उकिडवे बसले,
तळहात फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे.
‘त्यांचा भाग बरा आहे,’
नाइलाजानं म्हणाले,
आणि गाडीत चढताना
बुटांची धूळ झटकली नाही.